गाडी लांबची, गोळी वेळेची

दिल्लीत पहाडगंजच्या मेन बझारच्या एका टोकाला नवी दिल्ली रेल्वे स्टेशन आहे आणि दुसऱ्या बाजूला आर. के. आश्रम मार्ग मेट्रो स्टेशन. संध्याकाळ झाली की या मेट्रो स्टेशनच्या आसपास मनाली, धर्मशाळा, जयपूरकडे जाणाऱ्या खाजगी बसगाड्यांची वाट बघत प्रवासी उभे असतात. महाराष्ट्रातून आलेली कितीतरी कुटुंबं पहाडगंजच्या हॉटेलात उतरून इथूनच हरिद्वार, मथुरा किंवा सिमल्यासाठी टॅक्सी ठरवतात. बस एसी आहे का, सीट मागे होते का, मोबाइल चार्जिंगची सोय आहे का, हे सगळं आपण विचारतो. गाडी चालवणाऱ्याची तब्येत बरी आहे का, हे मात्र कुणीच विचारत नाही.

तो स्वतःही सांगत नाही. सकाळी उठल्यावर डोकं जड होतं, पायाला सूज होती, दोन दिवस शुगरची गोळी संपली आहे, हे त्याच्या बायकोलाही माहीत नसतं. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरात असा माणूस आहे. कुणाचे वडील ट्रक चालवतात, कुणाचा नवरा टुरिस्ट गाडीवर आहे, कुणाचा भाऊ ट्रॅव्हल्सच्या बसवर रात्रपाळी करतो. आजचा लेख अशा घरांसाठी आहे आणि त्यांच्या गाडीत निर्धास्त झोपणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठीही.

तो आजार का लपवतो?

उत्तर सोपं आहे. खाडा झाला की पैसे गेले. बहुतेक लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरना फेरीप्रमाणे पैसे आणि वर रोजचा भत्ता मिळतो. चार दिवस अंथरुणावर पडला तर त्याच्या जागी दुसरा उभा राहतो आणि बरा झाल्यावर गाडी परत मिळेलच याची खात्री नसते. दुसरी भीती लायसन्सची. ‘डॉक्टरने कागदावर लिहिलं तर मालक काढून टाकेल’ या धाकाने तो डॉक्टरकडेच जात नाही. तिसरं कारण घरातलंच आहे. चार दिवसांनी घरी आलेल्या माणसाला घराचा हप्ता, मुलांची फी, आईचं औषध एवढंच ऐकू येत असेल, तर स्वतःची चक्कर तो कधी सांगणार?

पण सगळ्याच आजारांमुळे नोकरी जात नाही. ब्लडप्रेशर, मधुमेह, थायरॉइड, पाठदुखी, चष्म्याचा नंबर, अगदी क्षयरोगसुद्धा वेळेवर कळला आणि उपचार नीट चालू राहिले, तर माणूस पुन्हा गाडीवर बसू शकतो. नोकरी जाते ती बहुधा आजार लपवून ठेवल्यामुळे. तो एखाद्या रात्री घाटात, सगळ्यात वाईट वेळी स्वतःहून उघड होतो.

शिरूरची ती बस

जानेवारी २०२२ मधली घटना अनेकांना आठवत असेल. पुण्याजवळच्या वाघोलीतल्या काही महिला आणि मुलं शिरूर तालुक्यातल्या एका कृषी पर्यटन केंद्रावर सहलीला गेली होती. परतीच्या वाटेवर मिनीबसच्या चालकाला आकडी आली आणि गाडी थांबली. रस्ता निर्मनुष्य होता आणि गाडीत मुलं रडत होती. योगिता सातव यांना कार चालवता येत होती, पण बस त्यांनी कधी चालवली नव्हती. तरी त्या चालकाच्या जागेवर बसल्या, सुमारे १० किलोमीटर बस चालवली आणि चालकाला दवाखान्यात पोहोचवलं. देशभर त्यांचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं.

त्या चालकाने काही लपवलं होतं असं इथे मुळीच सुचवायचं नाही. आकडी आयुष्यात पहिल्यांदा, कुठल्याही सूचनेशिवाय, कुणालाही येऊ शकते. पण ती घटना एक प्रश्न मात्र विचारते. प्रत्येक बसमध्ये योगिता सातव नसतात. ट्रकच्या केबिनमध्ये तर बरेचदा फक्त एक क्लीनर असतो, तोही अठरा-वीस वर्षांचा. म्हणून ज्या आजाराची चाहूल आधी लागते, त्याची व्यवस्था गाडी निघण्याआधीच व्हायला हवी.

काही आजारांत थांबावंच लागतं

लायसन्ससाठी भरायच्या फॉर्म १ मध्ये अर्जदाराने स्वतःच्या प्रकृतीबद्दल लिहून द्यायचं असतं. त्यात पहिलाच प्रश्न आकडी, अचानक शुद्ध हरपणं किंवा चक्कर येण्याबद्दल आहे. पुढे २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न येतात. व्यावसायिक वाहनांच्या लायसन्ससाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १-अ लागतो. अनेक ठिकाणी हा कागद एजंटकडून पाच मिनिटांत ‘करून’ घेतला जातो. ड्रायव्हरच्या आयुष्यात सक्तीची म्हणता येईल अशी ही एकच तपासणी असते आणि तीच आपण हातची घालवतो. लायसन्स नूतनीकरणाच्या वेळी खरीखुरी तपासणी करून घ्या. डोळे, रक्तदाब, शुगर, ऐकू येणं, एवढं जरी झालं तरी पुष्कळ आहे.

आकडी, वारंवार चक्कर, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, डोळ्यांचं ऑपरेशन, बेशुद्ध पडण्याइतकी शुगर कमी होणं, यापैकी काही झालं असेल, तर डॉक्टर ‘आता चालवा’ म्हणेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. यात तडजोड नको. शरीर साथ देत नसताना गाडी चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली गुन्हाही आहे. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट मागच्या सीटवर झोपलेली असते.

शुगर असेल तर

मधुमेही ड्रायव्हरचा खरा शत्रू वाढलेल्या शुगरपेक्षा अचानक उतरलेली शुगर असतो. गोळी किंवा इन्शुलिन घेतलं, ट्रॅफिकमध्ये अडकलो, ढाबा दोन तासांनी आला, अशा वेळी घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते, चिडचिड होते. कधी बोलणं असंबद्ध होतं आणि शेजारच्याला वाटतं, हा प्यायला आहे.

• आधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘मी लांबची गाडी चालवतो, जेवणाची वेळ ठरलेली नसते.’ ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लेमाइडसारख्या काही गोळ्यांनी आणि इन्शुलिनने शुगर एकदम खाली येऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. तुमचं काम माहीत असेल तर डॉक्टर गोळी आणि वेळ त्याप्रमाणे ठरवतात.

• लक्षणं जाणवताच गाडी सुरक्षित बाजूला घ्या, इंजिन बंद करा, चावी काढा आणि ड्रायव्हरच्या सीटवरून उठा. तीन-चार छोटे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्या. बिस्किटाने तेवढ्या लवकर काम होत नाही. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुगर ७० च्या खाली असेल तर पुन्हा साखर घ्या. बरं वाटल्यावर काहीतरी पोटभर खा.

• बरं वाटलं की लगेच निघायचं नाही. ब्रिटनमध्ये इन्शुलिन घेणाऱ्या चालकांना शुगर पूर्ववत झाल्यावरही ४५ मिनिटं थांबायला सांगतात आणि प्रवासात दर दोन तासांनी शुगर तपासायला सांगतात. आपणही ही सवय लावून घ्यायला हरकत नाही.

• इन्शुलिन डॅशबोर्डवर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण २५ ते ३० अंशांपर्यंत सुमारे चार आठवडे टिकतं, पण उन्हाळ्यात बंद केबिन त्याहून कितीतरी जास्त तापते. रुंद तोंडाचा थर्मास वापरा. इन्शुलिनला बर्फ थेट लागू देऊ नका, गोठलेलं इन्शुलिन वाया जातं.

क्लीनरला एवढं तरी शिकवून ठेवा की साखरेची पुडी कुठे आहे. आणि उस्ताद बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, ११२ ला फोन लावायचा.

बीपीची गोळी आणि सर्दीची गोळी

‘काही त्रास नाही, मग गोळी कशाला?’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. ब्लडप्रेशर त्रास न देताच वाढतं, म्हणून तर ते घातक आहे. काही जण गोळीमुळे वारंवार लघवीला जावं लागतं म्हणून ती बंद करतात. अशा गोळीची वेळ डॉक्टर बदलून देऊ शकतात, स्वतःच्या मनाने ती सोडायची नाही. नवी गोळी सुरू झाल्यावर पहिले काही दिवस केबिनमधून उतरताना चक्कर येऊ शकते. आधी सीटवर नीट बसा, दोन मिनिटं थांबा आणि मग पाय खाली टाका.

बीपीच्या गोळीला माणूस घाबरतो, पण सर्दीची गोळी मात्र बिनधास्त घेतो. सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन असलेल्या सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या आणि खोकल्याची काही औषधं झोप आणतात. रात्रीच्या फेरीआधी घेतलेली अशी एक गोळी फार महागात पडू शकते. केमिस्टला प्रत्येक वेळी एकच वाक्य सांगा, ‘मी गाडी चालवतो, याने झोप येईल का?’

आणि जागं राहण्यासाठी कुणी पुडी, गोळी देत असेल तर ती घेऊ नका. तिने झोप संपत नाही, फक्त काही तास लपते आणि मग एकदम समोर येते.

घोरणं फक्त घरच्यांनाच ऐकू येतं

पहाटे दोन ते सहा ही शरीराची सर्वांत झोपाळू वेळ. तेव्हा चहापेक्षा १५-२० मिनिटांची डुलकी जास्त कामाची. गाडी पार्किंगमध्ये लावायची, अलार्म लावायचा आणि डोळे मिटायचे. पण काही माणसं सात-आठ तास झोपूनही दिवसभर पेंगतात. रात्री मोठ्याने घोरतात, मध्येच श्वास थांबतो, मग दचकून घुसमटल्यासारखे जागे होतात. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. यात झोप पुरी झाल्यासारखी वाटते, पण प्रत्यक्षात होत नाही.

हा आजार असणाऱ्याला स्वतःला कळत नाही, कारण तो झोपलेला असतो. तो कळतो बायकोला, आईला, मुलांना. म्हणून नवऱ्याच्या घोरण्यावर विनोद करण्याआधी एकदा नीट ऐका. श्वास मध्येच थांबतोय असं वाटलं तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा आणि कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांना ऐकवा. वजन कमी करणं, कुशीवर झोपणं आणि गरज असेल तर श्वासाचं मशीन, असे उपाय आहेत. जे डॉक्टरला तपासणीत लगेच दिसणार नाही, ते सांगणारी साक्षीदार घरातली बाईच असते.

कामाच्या तासांबद्दलही एक गोष्ट माहीत असू द्या. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने चालकासाठी साधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवली. रस्त्यावर काय चालतं ते आपण जाणतोच. पण ‘पाच तास झाले, अर्धा तास थांबतो’ म्हणणारा ड्रायव्हर आळशी नसतो, एवढं मालकाने आणि प्रवाशांनी समजून घ्यावं.

ज्या आजारांचं नाव घ्यायला लाज वाटते

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, वजन घटणं, अशी लक्षणं दिसली तर थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात मोफत मिळतात. रुग्णाची नोंद ‘निक्षय’ या देशभरच्या यंत्रणेत होते. तिथला आयडी क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा आणि लांबच्या फेरीवर जाणार असाल तर केंद्रात आधी सांगून पुढच्या दिवसांच्या औषधांची सोय करून घ्या. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १००० रुपये रुग्णाच्या खात्यात जमा होतात. खोकला थांबला म्हणून औषध सोडलं, तर आजार जास्त हट्टी होऊन परत येतो. संसर्गाच्या काळात बंद केबिनमध्ये क्लीनरला शेजारी बसवून फेरी करणं म्हणजे आजार त्याच्या हवाली करणं, म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस घरीच राहा.

एचआयव्हीबद्दलही कुजबुज नको. देशात २००४ पासून त्याची औषधं सरकारी केंद्रांतून मोफत मिळतात आणि वेळेवर औषध घेणारा माणूस वर्षानुवर्षं काम करतो. २०१७ चा कायदा सांगतो की केवळ एचआयव्ही आहे म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही आणि नोकरीची अट म्हणून तपासणीची सक्ती करता येत नाही. माहिती हवी असेल तर १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे.

पैशांचं काय?

सगळा सल्ला इथेच येऊन अडतो, म्हणून तीन गोष्टी आजच तपासा.

एक, पगारातून ईएसआय कापलं जातं का? दहा किंवा जास्त कामगार असलेल्या वाहतूक कंपनीत महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ते लागू होऊ शकतं. ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयरोगासारख्या ठरावीक दीर्घ आजारांसाठी त्याहून जास्त काळ मदत मिळते. पगारपत्रक नीट वाचा.

दोन, आयुष्मान कार्ड. या योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातल्या उपचारांचं संरक्षण मिळतं. शहरी भागातल्या पात्र व्यवसायांच्या यादीत वाहतूक कामगार, ड्रायव्हर, कंडक्टर आणि त्यांचे मदतनीस यांचा उल्लेख आहे. कार्ड गावचं असलं तरी योजनेत नोंदलेल्या दुसऱ्या राज्यातल्या रुग्णालयातही ते चालतं. मात्र रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत, त्यासाठी जनऔषधी केंद्र गाठा.

तीन, ज्यांची गाडी एक-दोन ट्रकवाल्या मालकाकडे आहे, त्यांना बहुधा ईएसआय नसतं. त्यांनी महिन्याला थोडी रक्कम ‘खाड्याचे पैसे’ म्हणून वेगळी ठेवावी. पंधरा दिवस घर चालेल एवढे पैसे बाजूला असतील, तर ताप अंगात असताना गाडी काढायची वेळ येत नाही. माझ्या मते ड्रायव्हरच्या घरातलं सगळ्यात उपयोगी औषध हेच आहे.

मधला दिवस वाया घालवू नका

रात्रीची गाडी घेऊन पहाटे दिल्लीत पोहोचलेला ड्रायव्हर दिवसभर पहाडगंजसारख्या भागात थांबतो. झोप झाल्यावर हातात काही तास असतात. लेडी हार्डिंजचं सरकारी रुग्णालय इथून अगदी जवळ आहे आणि डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालयही फार लांब नाही. मात्र ओपीडीचे कागद सकाळीच काढावे लागतात, म्हणून अशा दिवशी आधी तपासणी आणि मग झोप, तीही रात्रीची फेरी निघण्याआधी पुरेशी होईल अशी. पहाडगंजमध्येच नूतन मराठी विद्यालय आहे, आसपास जुनी मराठी वस्तीही आहे. परमुलखात हिंदीत दुखणं सांगता येईना, तर मराठी माणसाला विचारायला लाजू नका.

जुनी चिठ्ठी, शेवटचा रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ‘माझी औषधं’ नावाने ठेवा. आभा क्रमांक काढला असेल तर रिपोर्ट त्याला जोडता येतात. रस्त्यावर काही झालं तर अनोळखी डॉक्टरला तेवढ्यावरून पुष्कळ कळतं. छातीवर दडपण, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम, अशी लक्षणं असतील तर ‘गॅस झाला’ म्हणत पुढे जायचं नाही. गाडी कडेला, धोक्याचे दिवे चालू आणि ११२ ला फोन. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा क्रमांकही चालतो.

घरच्यांनी काय करायचं?

गाडी चालू असताना फोन करू नका. थांबण्याच्या वेळा ठरवून घ्या आणि तेव्हाच बोला. पहिला प्रश्न ‘कुठे पोहोचलात?’ हा असतोच. त्याच्या जोडीला ‘अहो, जेवलात का, गोळी घेतली का, किती वेळ झोपलात?’ हेही येऊ दे. मुलांनी बाबांच्या फोनवर गोळ्यांचा अलार्म लावून द्यावा. निघताना डब्यात चणे-शेंगदाणे, दोन फळं, गोळ्यांची सात दिवसांची डबी आणि पाण्याची मोठी बाटली असू द्या. लघवीला थांबावं लागू नये म्हणून पाणी न पिणाऱ्यांनाच मुतखड्याचा त्रास जास्त होतो.

आणि तो म्हणाला, ‘आज बरं वाटत नाही, गाडी नेत नाही,’ तर त्या क्षणी आपल्या चेहऱ्याकडे लक्ष ठेवा. तिथे हप्त्याची काळजी दिसली, तर पुढच्या वेळी तो काही सांगणार नाही. ‘बरं केलंत, आधी झोपा, पैशांचं संध्याकाळी बघू,’ एवढं आपल्याला म्हणता आलं, तर त्याला घरी खोटं बोलावं लागत नाही.

प्रवाशांसाठीही एक विनंती. ड्रायव्हरने ढाब्यावर वीस मिनिटं जास्त घेतली किंवा ‘जरा डोळे मिटतो’ म्हणाला, तर घड्याळ दाखवून घाई करू नका. तो आपल्यासाठीच थांबलेला असतो.